भाजी प्यायची, तर ज्यूसर घ्यावा की घरचा मिक्सरच चालवावा?

जानेवारीत लाल गाजरं स्वस्त झाली की आमच्या दुकानात ज्यूसर यायला लागतात. माळ्यावरून खाली काढलेले, वर्षभर न चाललेले. कुणाच्या जाळीत मागल्या हंगामाचा चोथा वाळून खडा झालेला असतो, कुणाचं झाकणाचं लॉक बसत नसतं. साताऱ्यात आमचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. हे आत बसून मोटारी बघतात आणि मी गेली बावीस वर्षं काउंटर सांभाळते. भांड्यांचे बुश (पात्याच्या दांड्याला आधार देणारी नळी) आणि कपलर (भांडं मोटारीला जोडणारी तळाची चकती) बदलायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे लोकांच्या घरातलं प्रत्येक भांडं माझ्या हातून जातं, आणि कुठलं यंत्र रोज वापरात आहे नि कुठलं हौसेनं घेऊन ठेवलंय हे भांड्याच्या तळावरून कळतं.

"वहिनी, ज्यूसर घ्यायचा म्हणतोय, कुठला घेऊ?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या घरात नुकताच कुणाचा तरी रिपोर्ट आलेला असतो. शुगर वाढलीय, कोलेस्टेरॉल वाढलंय, पोट साफ होत नाही. डॉक्टरांनी भाज्या वाढवायला सांगितलेल्या असतात आणि चावून खायचा कंटाळा असतो. मी लगेच यंत्राचं नाव सांगत नाही. आधी विचारते, सकाळी तुमच्याकडे भाजी कोण चिरतं आणि भांडी कोण घासतं? उत्तर द्यायला माणूस जरा थांबला, की मी त्याला म्हणते, अजून पंधरा दिवस काही घेऊ नका. घरात मिक्सर आहे ना, त्यावर सुरू करा.

हे मी अनुभवानं सांगते. माझा स्वतःचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, ६.२ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्या महिन्यात मी अकरा हजारांचा स्लो ज्यूसर, म्हणजे हळू फिरून पिळणारा, घेतला. दुरुस्तीचं दुकान असूनही घेतला, कारण तेव्हा घाबरले होते.

आधी आपण किती भाजी खातो ते मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. ते वाचून मी आमच्या घरची भाजी काट्यावर तोलली. चार माणसांत अर्धा किलो फ्लॉवर, तोही पानं-देठं काढून साडेतीनशे ग्रॅम उरलेला, दोन वेळा पुरवून. वर थोडी कोशिंबीर. माझ्या वाट्याला दीडशे ग्रॅमही येत नव्हते, आणि आमच्या घरात भाजी भरपूर खातात असा माझा समज होता.

तुम्हीही एक दिवस तोलून बघा. बटाटा त्यात धरू नका. जी तूट निघेल तिच्यातला मोठा भाग पिऊन भरायचा आहे, म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम भाजी ग्लासातून पोटात जायला हवी. यंत्र कुठलं हा प्रश्न या आकड्याच्या नंतर येतो.

अर्धा किलो गाजराचं काय होतं

स्लो ज्यूसर घरी आला त्या आठवड्यात मी दुकानातला जुना ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर घरी नेला आणि दोन्हींवर अर्धा-अर्धा किलो सोललेली लाल गाजरं टाकली. जुन्या, जोरात फिरणाऱ्या ज्यूसरातून २१० मिलिलिटर रस निघाला आणि चोथा २७० ग्रॅम. स्लो ज्यूसरातून २९० मिलिलिटर रस, चोथा १९० ग्रॅम. स्लोचा चोथा हातात घेतला तर भुसभुशीत, कोरडा. जुन्याचा अजून ओला, पिळला तर बोटांतून लाल पाणी येत होतं.

रस चवीला सुंदर होता हे मान्यच करायला हवं. गाजराचा असा गोड, स्वच्छ, बिनदाण्याचा रस मिक्सरमधून निघत नाही. पण तो परातीतला चोथा बघून माझ्या मनात आलं, डॉक्टरांनी ज्यासाठी भाजी वाढवायला सांगितली ते तर या परातीत राहिलं. पोट साफ ठेवणारे, साखर हळूहळू रक्तात जाऊ देणारे तंतू बहुतेक चोथ्यातच राहतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यायला सांगते. ज्याची तूट आधीच आहे, त्यानं तेच गाळून बाजूला काढायचं, हे मला पटेना.

दुसरी गोष्ट साखरेची. नुसत्या पालक-काकडीचा रस घरात कुणाला आवडत नव्हता, म्हणून त्यात सफरचंद जायला लागलं. मग दोन सफरचंदं, तीन गाजरं, एक बीट. ग्लास भरून. एका सकाळी तो पिऊन तासानं मी ग्लुकोमीटर लावला तर १८६. माझ्या एका बोटाचं, एका सकाळचं ते माप आहे, त्यावरून नियम करू नका. पण कारण समजण्यासारखं आहे. तेवढी सफरचंदं आणि तेवढी गाजरं मी एका बसणीला चावून कधीच संपवली नसती. रस झाल्यावर दोन मिनिटांत संपतात. फळांच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना मधासारखीच, वरून घातलेल्या साखरेच्या गटात धरते, अख्ख्या फळातली त्या गटात धरत नाही. म्हणून ज्यूसर कुठलाही घ्या, गोडीसाठी फळ घालायची सवय लागली की भाजीचा ग्लास हळूहळू सरबताचा होतो.

आणि तिसरी गोष्ट, मोरीतली. स्लो ज्यूसरचे मी सहा भाग मोजले. जाळीला ब्रशनं घासायचं, तेही लगेच, कारण अर्ध्या तासात चोथा चिकटतो. सकाळी साडेआठला दुकान उघडायचं असतं. माझा ज्यूसर एकोणीस दिवस चालला, मग ओट्यावरून फडताळात आणि फडताळातून माळ्यावर गेला. चोथ्याचे पराठे करायचे मी ठरवलं होतं. पहिले तीन दिवस केलेही, थालीपिठात घातला, वड्या केल्या. पुढे डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायला लागले आणि आठवड्यानं डबा रिकामा करायला लागले.

मिक्सर म्हणजे आपला ब्लेंडरच

लोक विचारतात, मग स्मूदीचा ब्लेंडर घेऊ का? दुकानात काचेच्या जारचे, हजार-बाराशे वॅटचे ब्लेंडर दिसतात, म्हणून वाटतं की मिक्सर म्हणजे वेगळी वस्तू. आपल्याकडचा मिक्सर मुळातच जास्त दणकट बनवलेला आहे. सत्यप्रकाश माथुर नावाचे सीमेन्समधले इंजिनिअर होते. त्यांच्या बायकोचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला, तेव्हा साठच्या दशकात त्यांनी हळद, डाळ, ओलं खोबरं सगळं वाटेल अशी ताकदवान मोटार घालून स्वतः मिक्सर केला. तोच 'सुमीत'. आजही आमच्याकडे जुने सुमीत येतात, बुश बदलला की परत जातात. जो मिक्सर भिजवलेली उडीद डाळ वाटतो, त्याला काकडी आणि पालक म्हणजे काहीच नाही.

५०० वॅटचा मिक्सर पुरतो, ७५० असेल तर गाजर-बीट जरा लवकर बारीक होतं. बाटलीसारखे छोटे, चार्जिंगवर चालणारे ब्लेंडर मिळतात ते केळं आणि दुधापुरते ठीक आहेत. कच्च्या गाजराच्या फोडी घातल्या की पातं अडकतं आणि मोटार गरम होते. उलट गरम सूप करायचं असेल तर हँड ब्लेंडर जरूर घ्या, ते कशासाठी ते पुढे सांगते.

"मिक्सरच्या वेगानं जीवनसत्त्वं जळतात, थंड दाबून काढलेला रसच खरा," असं विकणारे सांगतात. मिनिटभर फिरवलेलं काकडीचं ताक बोट घालून बघा, कोमटसुद्धा लागत नाही. आपण भाजी कढईत शिजवतो तेव्हा ती याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि ती आपण पौष्टिक म्हणूनच खातो. रस असो की मिक्सरमधलं पातळ, केल्या केल्या प्यावं हे मात्र खरं. हवेत राहिलं की क जीवनसत्त्व कमी होत जातं आणि उन्हाळ्यात तर ते आंबतंही.

मिक्सरवर कसं करायचं

बहुतेकांचं इथेच चुकतं. काकडी, गाजर, पालक सगळं एकदम भांड्यात कोंबतात, झाकण दाबतात आणि तीन नंबरवर बटण फिरवतात. पातं खालचा घास कापतं, त्याच्यावर पोकळी होते आणि वरचा पालक जिथल्या तिथे राहतो. आवाज बदलतो, मोटार भणभणते. मग पाणी ओततात, पुन्हा फिरवतात, आणि शेवटी ग्लासात पालकाचे धागे आणि गाजराचा रवा येतो. एक घोट घेतला की घरातली माणसं "नको" म्हणतात आणि ज्यूसरची गोष्ट निघते.

मी असं करते. दीड लिटरचं मोठं भांडं, ज्यात आपण ताक किंवा मिल्कशेक करतो ते. आधी अर्धी वाटी पाणी किंवा ताक. त्यात फक्त पाला आणि आलं, मिरची, पुदिना. मिक्सरवर डाव्या बाजूला 'इंचर' किंवा 'पल्स' लिहिलेलं असतं, बटण तिकडे धरून चार-पाच झटके द्यायचे. आणि मग एक नंबरवर अर्धं मिनिट. हिरवं पाणी झालं, पान दिसेनासं झालं, की काकडी-टोमॅटोसारखं मऊ. ते मिसळलं की सगळ्यात शेवटी कडक वस्तू, म्हणजे गाजर किंवा बीट, आणि तेही किसून. चौकोनी तुकडे घालू नका. किसणीवर दोन मिनिटं जातात, पण रवाळपणा जातो. बीट मी कुकरला वाफवून घेते, कच्च्या बिटाचा मातकट वास आमच्याकडे कुणालाच चालत नाही. मग बाकीचं ताक घालून दोन नंबरवर एक मिनिट. थांबायचं, झाकण उघडून चमच्यानं खालून वर हलवायचं, पुन्हा अर्धं मिनिट.

एका मिनिटापेक्षा जास्त सलग फिरवू नका. भांडं अर्ध्याहून थोडं वर, इतकंच भरा. मिक्सर मधेच बंद पडला तर जळला म्हणून रडत आणू नका, खालच्या बाजूला लाल बटण असतं. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग ते दाबा. दहातले दोन-तीन मिक्सर आमच्याकडे नुसतं ते बटण दाबून परत जातात.

दोन ग्लासांचं माझं माप असं आहे: एक काकडी सालासकट, मूठभर उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, अर्धा टोमॅटो, बोटाच्या पेराएवढं आलं, सात-आठ पुदिन्याची पानं, वाटीभर दही आणि दोन वाट्या पाणी. सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड. काकडी आधी चाखायची. बीट किंवा गाजर असेल त्या दिवशी वरून साजूक तुपात जिरं-हिंगाची छोटी फोडणी देते. फोडणी चवीसाठी तर आहेच, शिवाय गाजर-पालकातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. नुसत्या पाण्यात केलेला ग्लास त्या बाबतीत कमी पडतो.

हे गाळायचं नाही. पहिल्या आठवड्यात जाड लागेल, घोट घेताना जिभेला कण लागतील. तेव्हा पाणी वाढवा, गाळणी घेऊ नका. ज्याला जमतच नाही त्यानं पहिले चार दिवस नुसतं काकडीचं ताक करावं, मग रोज चार पानं पालक वाढवावा. सासऱ्यांना मी असंच लावलं. दात नाहीत, कोशिंबीर चावत नव्हती. आता सकाळी नऊला ग्लास समोर नाही आला तर हाक मारतात.

पाला कच्चा घालू नका, विशेषतः पावसाळ्यात

पालक, मेथी, चवळई कुठल्या पाण्यावर वाढते हे आपल्याला दिसत नाही. कच्च्या पाल्यातून जंत आणि त्यांची अंडी पोटात जाऊ शकतात. म्हणून देठं कापून पाला तीन पाण्यांतून काढायचा, तळाशी माती बसेना झाली की उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायचा, उचलून गार पाण्यात टाकायचा. ते उकळीचं पाणी फेकून द्या. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मूतखड्याला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं, त्यातलं काही त्या पाण्याबरोबर जातं. पुदिना-कोथिंबीर कच्ची घालावीच लागते, तर काडी-काडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा. आषाढ-श्रावणात मी पाला बंदच ठेवते आणि सूप करते.

सुपावरून तो गरम भांड्याचा प्रकार सांगते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी टोमॅटोचं सार करायला मी उकळते टोमॅटो पाण्यासकट भांड्यात ओतले, झाकण घट्ट लावलं, वरून तळवा दाबला आणि बटण फिरवलं. आत वाफ कोंडली, एका झटक्यात झाकण उडालं. तळव्यावर आणि मनगटावर फोड आले, लाल ठिपके छतापर्यंत गेले. मनगटावरचा डाग अजून आहे. काउंटरवर कुणी सुपाचं नाव काढलं की मी तो दाखवते. गरम पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका. थांबायला वेळ नसेल तर हँड ब्लेंडर पातेल्यातच चालवा, तिथे वाफ कोंडत नाही.

दुधीचा रस: हा भाग वगळू नका

सकाळी अनशापोटी दुधीचा रस पिणारे आमच्या गावात खूप आहेत. सासरेही घ्यायचे, कुणी तरी बागेत सांगितलं म्हणून. दुधी दिसायला कोवळा, हिरवागार, पण कधी कधी त्यात कडू द्रव्य तयार होतं, कुकुरबिटासिन त्याचं नाव. ते विषारी आहे, शिजवूनही जात नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ मध्ये छापून आला. समितीचं सांगणं अगदी घरगुती शब्दांत असं: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर सगळा दुधी फेका. कडू रस अजिबात पिऊ नका. दुधीचा रस दुसऱ्या रसांत मिसळू नका. पिऊन मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थता वाटली तर लगेच दवाखाना गाठा, कारण यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही.

दुसऱ्या रसांत मिसळू नका हे का, ते मला प्रत्यक्ष कळलं. दोन वर्षांपूर्वी मी दुधीच्या फोडी करत होते, सवयीनं एक फोड दाताखाली धरली. जिभेच्या टोकाला काही नाही, मग मागच्या बाजूला एकदम कडूजहर. थुंकलं, चूळ भरली, तरी ती चव दहा मिनिटं गेली नाही. शेजारी आवळ्याचा रस आणि आलं काढून ठेवलं होतं. सगळं एकत्र फिरवलं असतं तर आवळ्याच्या तुरट-आंबट चवीत ते कडूपण सासऱ्यांना कळलंही नसतं, आणि कळलं असतं तरी "औषध कडूच असतं" म्हणून त्यांनी पिऊन टाकलं असतं. त्या दिवसापासून आमच्याकडे दुधी शिजवून, चाखूनच खातात. त्याच वर्गातल्या काकडीचा, दोडक्याचा तुकडाही आधी तोंडात जातो. कारलं मुळातच कडू, तिथे जीभ काही सांगू शकत नाही, म्हणून त्याचा रस मी कुणाला सुचवत नाही, भाजी करा म्हणते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये अशी माणसंही आहेत. मूतखडा झालेल्यांनी रोजचा पालक-बिटाचा ग्लास घेऊ नये, त्यातलं ऑक्झलेट खड्याला हातभार लावतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भाज्यांतलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर हिरवा पाला एकदम वाढवल्यानं गोळीचा परिणाम बदलतो. आणि बीट प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काहींना तसं होतं.

मग ज्यूसर कुणी घ्यावा?

काही घरांत तो खरंच हवा असतो आणि तिथे मी मिक्सरचा आग्रह धरत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे, डॉक्टरांनी चोथा बंद सांगितलाय, अशा पेशंटला गाळीव रसच लागतो. ज्यांच्याकडे आवळ्याची झाडं आहेत, पोत्यानं आवळा येतो, त्यांना मिक्सरमध्ये वाटून फडक्यातून पिळत बसणं शक्य नाही. गव्हांकुराचा रस रोज काढणारे आहेत, त्यांना स्लो ज्यूसरच हवा, जोरात फिरणाऱ्या ज्यूसरातून पाला नुसता ओलाच बाहेर फेकला जातो. आणि जे आधीपासून ताटात भरपूर भाजी खातात, वर आवडीनं गाजराचा छोटा ग्लास घेतात, त्यांनी खुशाल घ्यावा. त्यांची तंतूंची गरज ताटात भागलेली असते.

स्लो ज्यूसर १५० ते २५० वॅटचा असतो आणि मिनिटाला चाळीस-ऐंशी फेरेच घेतो. वॅट कमी म्हणून यंत्र कमजोर समजू नका, तो पिळतो, कापत नाही. दुकानात गेल्यावर वॅटपेक्षा हे बघा: जाळी हातात घ्या आणि उजेडाकडे धरा, भोकं एकसारखी हवीत, कड कुठे सुटलेली नको. सगळे भाग विक्रेत्याला काढून दाखवायला सांगा आणि मग स्वतः जोडा. पाच मिनिटांत जोडता आलं नाही तर घरी रोज जोडणार नाही. जाळी आणि आतला मळसूत्रासारखा दांडा सुटा मिळतो का, किती रुपयांना, कुठे, हे आधी विचारा. जाळी फाटली आणि सुटी मिळाली नाही म्हणून चांगल्या मोटारीचे ज्यूसर आमच्याकडे पडून आहेत. दुकानदार सहसा रसाळ संत्रं घालून दाखवतो, तुम्ही पिशवीतून दोन गाजरं आणि आल्याचा तुकडा घेऊन जा. आल्याच्या शिरा दांड्याला गुंडाळतात का, ते तिथेच दिसेल. घरी आलं आडवं, पातळ चकत्या करून घाला म्हणजे गुंडाळणार नाही.

ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर घेणाऱ्यांसाठी एकच: ज्यूसरचं झाकण दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' करून बसल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही. ती सोय आहे, बिघाड नव्हे. पाला घालायचा असेल तर पानांची गुंडाळी करून दोन गाजरांच्या मधे सारा. जाळी थरथरायला लागली की बंद करून चोथा काढा. एका बाजूला चोथा साठला की तोल जातो, आणि तशीच चालवत राहिलात तर जाळी तडकते. जुनी जाळी जिथे पत्र्याला जोडलेली असते तिथे बोट फिरवून बघा, तुटलेली तार रसातून पोटात जायला नको.

रोज पिणार असाल तर भांड्याचा बुश तपासा

चटणी-वाटणाच्या भांड्यात जे खपून जातं ते ताकाच्या ग्लासात दिसतं. पात्याच्या दांड्याला जो बुश असतो तो झिजला की खालून काळपट तेलकट ओघळ येतो आणि थोडा थोडा भांड्यातही उतरतो. भांड्यात दोन वाट्या पाणी घाला, ते कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दहा मिनिटांनी उचला. कागद कोरडा असेल तर ठीक. ओला गोल उमटला किंवा काळा डाग दिसला तर त्या भांड्यात काही पिऊ नका. पातं बोटानं हलवून बघा, मिक्सरवरून भांडं काढून, जपून. डावी-उजवीकडे डुलत असेल तर बुश गेला. दीड-दोनशे रुपयांत आणि अर्ध्या तासात बदलून मिळतो, कुठल्याही गावात.

धुण्याचं अगदी सोपं आहे. ग्लास भरल्या भरल्या भांड्यात वाटीभर पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, 'इंचर'वर तीन झटके, ओता, विसळा, उपडं ठेवा. गाजराचा रंग झाकणाला चढला तर साबण घासत बसू नका. दोन थेंब खोबरेल तेल फडक्यावर घेऊन पुसा, रंग तेलात उतरतो, मग साबणानं धुवा. कपलरच्या खालचा भाग मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका. तिथे गंज धरला की बुश पुन्हा वर्षभरात माझ्याकडे येतो.